तिचं म्हणणं असं आहे

माझ्यासाठी आमच्या वर्गात एक बाई ठेवल्या आहेत. शाळेच्या भाषेत त्या मदतनीस. माझ्या मनात त्यांचं नाव साखरेची गोणी.

माझे हात माझं ऐकत नाहीत आणि जीभ स्वतःच्या सवडीने चालते. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत समोरच्याचं माझ्याबद्दलचं मत बनून, वाळून, घडी करून ठेवलेलं असतं. म्हणून माझी खुर्ची ढकलायला, डबा भरवायला आणि मी काय बोलले ते जगाला सांगायला या बाई. माझं बोलणं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही, हे मान्य करायलाच हवं. आईला घरापुरतं कळतं: भूक, दुखतंय, नको. पुढचं ऐकायला तिला सवड नसते.

पण कळणं वेगळं आणि सांगणं वेगळं. मी दोन शब्द बोलले की बाई मान कलती करतात, डोळे ओलसर करतात आणि पुढचं स्वतःच बोलून मोकळ्या होतात. 'तिचं म्हणणं असं आहे की' म्हणायचं आणि आपलं घोडं पुढे दामटायचं. सहलीच्या दिवशी मी सांगितलं, मलाही डोंगरावर न्या, चार जणांनी खुर्ची उचलली की झालं. बाई म्हणाल्या, "तिचं म्हणणं असं आहे की तुम्ही सगळे मजा करा, ती खाली बसून तुमची वाट बघेल." वर्ग गहिवरला. मी दिवसभर बसमध्ये ड्रायव्हरचं घोरणं ऐकत बसले.

परीक्षेत माझ्या लेखनिक त्याच. मी सांगायचं, त्यांनी लिहायचं. माझा नंबर कायम वर असायचा आणि मीही फुशारून जायचे. तपासलेले पेपर मात्र बाईंच्याच पिशवीत जायचे. "तुला कशाला गं ओझं?"

एकदा इतिहासाच्या मॅडमनी माझं उत्तर आदर्श म्हणून वर्गात वाचून दाखवलं. प्रश्न होता, राजाने राजधानी का हलवली? मी सांगितलं होतं, सासरच्या माणसांना कंटाळून, नाहीतर पाण्याचा थेंब नसलेल्या गावी कोण जाऊन बसेल? चूक असेल, पण डोकं चालवून दिलेलं उत्तर होतं. मॅडम वाचत होत्या, "प्रजेच्या कल्याणासाठी अहोरात्र झटणाऱ्या दूरदृष्टीच्या राजाने..." सगळा धडाच उतरवलेला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं या शाळेत शिकत कोण होतं? बाई! चांगल्या घोड्याएवढ्या वयाच्या, आणि दरवर्षी वरच्या नंबराने पास.

आईला कसंबसं समजावलं. ती म्हणाली, "मार्क तुझ्याच नावावर पडले ना? मग उगाच फाटे फोडू नकोस."

मग मी मॅडमनाच गाठलं. या मॅडम माझ्याशी बोलतात ते माझ्या डोक्यावरून, बाईंकडे बघत. 'बाई माझी उत्तरं बदलतात,' मी म्हणाले. पुन्हा म्हणाले. घाम फुटला. मॅडमनी बाईंना विचारलं, "काय म्हणतेय?"

"तिचं म्हणणं असं आहे की तुम्ही फार छान शिकवता."

मॅडम चक्क लाजल्या. चोराची तक्रार करायची, तीही चोराच्याच तोंडून. दुसरी सोयच नव्हती.

म्हणून सहामाहीला, इतिहासाच्याच पेपरला, मी बाईंच्या हातातलं पेन हिसकावलं आणि मुठीत आवळून धरलं. कागद सरकत होता, हात भलतीकडेच जात होता, अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं अंगण. बाई आधी लाडीगोडीने बोलल्या, मग घाबरल्या. शेवटी कानाशी येऊन कुजबुजल्या, "अगं, तू नापास झालीस तर मला घरी बसवतील. माझ्या घरात दुसरं कुणी कमावणारं नाही."

इथे मला दया आली असं लिहिलं, तर ते बाईंच्या हातचं उत्तर होईल. नाही आली.

वेळ संपली तेव्हा माझं एकच उत्तर झालं होतं, तेही अर्धं.

निकालानंतर मुख्याध्यापिकांनी आम्हाला खोलीत बोलावलं. मॅडम होत्या, आई होती, बाई होत्या, आणि कपाटाजवळ जागा करून लावलेली मी. मुख्याध्यापिका आईला म्हणाल्या, "हीच पातळी असेल तर आमच्याकडे झेपायचं नाही हो. अशा मुलांसाठी वेगळी शाळा असते." ती शाळा मी पाहिली आहे. तिथे मुलांना दिवसभर मणी ओवायला बसवतात. मला मणी ओवता येत नाहीत.

आईने पदर डोळ्यांना लावला. बाई लगेच पुढे सरसावल्या. "त्या दिवशी ताप होता हो तिला. तापात हट्टाला पेटते. पुन्हा पेपर घ्या, मी लिहिते ना."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आईची अब्रू वाचली, बाईंची नोकरी वाचली, शाळा वाचली, मीही मण्यांपासून वाचले. फक्त मी तोंड बंद ठेवायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. एवढं तर आईलाही कळलं.

"नाही काय?" मुख्याध्यापिकांनी बाईंना विचारलं.

बाई माझ्याकडे वळल्या आणि मी बोलायला लागले. जितका वेळ लागायचा तितका लागू दिला. बाईंनी एकदाही मान कलती केली नाही. का, कोण जाणे. माझ्या शेवटच्या शब्दापर्यंत त्या थांबल्या.

"ती म्हणते, ताप नव्हता," त्या म्हणाल्या. "ती म्हणते, आधीचे सगळे मार्क माझे, तिचे नाहीत. मी तिची उत्तरं बदलते. सहलीच्या दिवशीही मी खोटंच सांगितलं. ती म्हणते..." बाई आईकडे वळल्या. "ती म्हणते, माझा आवाज ऐकला की तिला मळमळतं."

एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझं बोलणं पहिल्यांदाच जसंच्या तसं खोलीत पोचलं होतं, आणि ते जिच्याविरुद्ध होतं तिनेच ते पोचवलं होतं. मला इतका आनंद झाला की खुर्ची हलायला लागली.

"म्हणजे ते आदर्श उत्तर..." मॅडम पुटपुटल्या. त्यांच्या मनाला तेवढंच लागलं.

मुख्याध्यापिकांना बभ्रा नको होता. त्या आईला म्हणाल्या, "राहू दे हिला. नवीन बाई देऊ. जमेल तसं स्वतः शिकेल." मग बाईंना म्हणाल्या, "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

मला हवं ते सगळं मिळालं होतं. बाईंनी पिशवी उचलली, आणि मला धस्स झालं. नवीन येईल तिला माझा एक शब्द कळणार नाही. आत्ता जे घडलं ते पुन्हा घडवायचं तर हीच बाई लागेल. ही लबाड, रडवी, नकोशी बाईच.

"त्यांना काढू नका," मी म्हणाले. "लिहायला नकोत. बोलायला हव्यात."

बाई दारात थबकल्या.

"आता काय?" मुख्याध्यापिकांनी सवयीने त्यांनाच विचारलं.

बाईंनी मान खाली घातली. "ती म्हणते, मला काढू नका."

मुख्याध्यापिका हसल्या. "वा! अगदी तुमच्या सोयीचंच बोलली की हो." मॅडमही हसल्या. आई भडकली. "पुरे झालं! लेकराच्या नावावर अजून किती खपवाल?"

मी तेच पुन्हा म्हणाले, ओरडून. लाळ गळली. आईने रुमालाने माझं तोंड पुसलं, निम्मा शब्द त्यातच गेला. मग तिघींनीही दाराकडे पाहिलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, आणि मिटलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "काही म्हणाली नाही ती."