तळहातावरचं पाप

साहेब, मिठाच्या ट्रकांच्या अड्ड्यावर रक्त तपासायची खोली होती, तिला कुलूप तुम्ही ठोकलंत. "लोक येत नाहीत" असा शेरा मारून. आणि समोरच्या शमीखाली पाप ओळखणारा बापू येऊन बसला, तेव्हा पहिला हार घालायलाही तुम्हीच आलात. आता पुढचं ऐका.

मंगळवारी त्या झाडाखाली मुंगीला शिरायला वाव नसे. ड्रायव्हर गाड्या लावून, हातावर तंबाखू-चुना मळत रांगेत उभे राहत. कोणी लांबच्या वाटेवर घसरलेला, कोणी लग्नाआधी भ्यालेला. लाजेनं तोंडातून शब्द फुटत नसे, आणि बापूला शब्द लागतच नव्हता. तो तळहातावर ओली हळद फासायचा, मूठ मिटायला लावायचा, उघडायला लावायचा. लाल!

"परस्त्रीचं पाप रक्तात उतरलंय, बेटा! सुई टोचून पाप दिसतं होय? पाप या बापूला दिसतं!"

वजनकाट्यावरचा कारकून तेवढा पिवळा निघाला. तो तंबाखूला शिवत नसे.

"हा पिवळा?" हाजी ड्रायव्हर खेकसला. "मग त्या धाब्यामागं आमच्यापुढं रांगेत असायचा तो कोण, ह्याचा जुळा भाऊ?"

सगळे हसले. वेलजी ड्रायव्हर हसला नाही. त्याला न दुखणारी एक जखम झाली होती, नको त्या जागी. त्याचा हात लालभडक निघाला. बापूनं पाच मंगळवार बोलावलं. पाचव्या मंगळवारी मडक्यातल्या आंबट तीर्थानं हात धुतला, तर तो पिवळा! जखमही गेलेली. वेलजीनं अड्ड्यावर पेढे वाटले.

चार महिन्यांनी लांबच्या केंद्रात गरोदर बायकोचं, जेतबाईचं, रक्त तपासलं. सहावा महिना चालू होता. तिथल्या नर्स सकीनाबेननं दोघांना बोलावून सांगितलं, गरमीचा रोग आहे, सिफिलिस.

वेलजी घरी येऊन कडाडला, "माझा हात पिवळा आहे! मग हे घरात आलं कुठून? बोल, कोण आला होता?"

जेतबाई बाजरीचं पीठ मळत होती. ती रडली नाही. म्हणाली, "बापूनं काय काय केलं, ते सांगा. एकेक."

त्यानं सांगितलं. तिनं पिठाचे हात धुतले, स्वतःच्या तळव्यावर ओली हळद लावली. पिवळी. त्याच्या खिशातली चुन्याची डबी काढून बोटभर चुना त्यावर चोळला. लाल! लिंबू पिळलं. पुन्हा पिवळी.

"सात वर्षं तुमची हळदीची कापडं धुतेय. साबण लागला की डाग लाल होतो, हे कुठलीही बाई सांगेल. बघा, पाप तुमच्या डबीनं केलं आणि लिंबानं धुतलं. आता मला विचारा, कोण आला होता?"

दुसऱ्या दिवशी वेलजीनं सकीनाबेनला विचारलं, "पण जखम तर बरी झाली ना?"

"ती औषधाशिवायही बुजते. रोग बुजत नाही. रक्तात दडतो, बायकोला लागतो, पोटातल्या जिवाला मारतो. तुझ्या बापूनं काय केलं? नुसती वाट पाहिली."

"मूल जगेल, बेन?"

"आज दोघांना सुया सुरू करू. अजून वेळ हातात आहे. पण चार महिने तू वाया घालवलेस."

पुढच्या मंगळवारी जेतबाई जड पावलांनी रांग ओलांडून पुढं गेली. "बापू, आज आधी तुमचा हात."

"बाईची सावली पडली तर तप भंगतं!" बापू ओरडला. गालात तंबाखूची गोळी होतीच. हाजीनं त्याचं मनगट धरलं, जेतबाईनं हळद फासली.

लाल!

"बापू," हाजी म्हणाला, "तुम्ही कुठल्या धाब्यावर थांबता?"

"हे... हे तपाचं तेज आहे!"

"हे चुन्याचं तेज आहे," जेतबाई म्हणाली, आणि लिंबू पिळलं.

मग वेलजी पुढं आला. "माझ्या बायकोच्या अंगात रोग आहे. तो मी आणला. या पिवळ्या हातावर विसंबून तिच्या पोटात उतरवला. भावांनो, भीती वाटली तर रक्त तपासा. कालच चूक झाली असेल तर लगेच केंद्रात जाऊन विचारा, उशीर करू नका. आजचा कागद स्वच्छ आला तरी सांगतील तेव्हा पुन्हा तपासा. लाज वाटते? मलाही वाटली. तिची फळं आता माझं लेकरू भोगतंय."

गर्दी वळली. बापूकडं नाही, पलीकडच्या खोलीकडं. तिथं कुलूप. दुसरं केंद्र चाळीस किलोमीटरवर.

साहेब, हळदीला पाप कळत नाही, रोगाला लाज कळत नाही. रक्त तेवढं खरं सांगतं, पण विचारायला दार उघडं हवं. लोक येत नाहीत म्हणालात ना? त्या दिवशी त्या कुलपापुढं सदतीस माणसं उभी होती. आणि त्यांच्या पुढं, पोटावर हात ठेवून, जेतबाई.

किल्ली कुणाच्या खिशात आहे, सांगा.