तिसऱ्या दुकानाची पहिली वाटी

किसलेल्या बर्फाची आमची दोन दुकानं होतीच, एक देवळासमोर आणि एक बाजारात. तिसरं आता तैवानातल्या आमच्या थाइनान शहराच्या स्टेशनाशेजारी उघडत होतं, माझ्या शाळेच्या वाटेवर. तिथल्या बर्फ किसायच्या यंत्रापाशी मीच उभी राहणार, हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. फक्त लुआन आत्याचं ठरायचं होतं, आणि दुकानं तिच्या हातात.

"वर्गात झोपतेस म्हणे," आत्या म्हणाली. "इथे बरी जागी राहशील."

"वर्गात बर्फ नसतो ना, आत्या."

ती हसली नाही. "पहिली वाटी भूमिदेवाला जाते, माहीत आहे ना? ती तू कर. त्यानं कौल दिला तर यंत्र तुझं."

मला धीर कुठला. फ्रीजरमधली बर्फाची लादी थेट यंत्रावर चढवली, बर्फ किसला, वर गोड लाल दाणे आणि पाक घातला आणि गल्लीतल्या देवळात धावले. उदबत्ती लावून कौलाचे दोन लाकडी तुकडे टाकले. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. माझे दोन्ही उताणे. म्हणजे देव हसत होता.

"काय विनोद सांगितलास गं त्याला?" मागून आत्या.

मी वाटीत पाहिलं. बर्फ कसला, जाड मीठच ते.

"लादी जागी होऊ दिली नाही मी. जरा मऊ व्हायच्या आतच किसली."

"मला काय सांगतेस? त्याला सांग."

सांगितलं, अगदी मोठ्यानं.

मग दुकानात नवी लादी टेबलावर ठेवून तिच्यासमोर बसले. आधी ती दुधासारखी पांढरी होती. हळूहळू आतलं धुकं विरलं आणि पलीकडचा रस्ता दिसू लागला. स्कूटर पाण्याखालून गेल्यासारख्या जात होत्या. छत्रीवाली एक बाई लांबलांब होत गेली आणि कडेशी दोन झाली. मीही आत कुठेतरी तरंगत होते. किती वेळ गेला कोण जाणे.

या खेपेला बर्फ पडला नाही, उतरला. पातळ पातळ पदर, एकावर एक, आवाजसुद्धा नाही.

देवळात पुन्हा कौल टाकला. एक तुकडा लगेच उताणा. दुसरा गिरक्या घेत राहिला, घेत राहिला, आणि पालथा झाला.

उदबत्ती अर्धी होताच आत्यानं देवापुढची वाटी उचलली. एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"उद्या केस बांधून ये," ती म्हणाली, आणि दुसरा चमचा घेतला.