टोकाकडून वर

म्हाळूनं रिसीव्हर कानाला इतका घट्ट दाबला होता की कान दुखायला लागला, पण पलीकडून लेकीचं बोलणं तुटक तुटकच येत होतं.

"आई मजेत आहे, आबा. बाळसुद्धा मजेत. तुम्ही काही आणू नका."

"तिचा खांदा कसा हाय?"

"काय? ऐकू येईना. बरं, ऐका ना, आईला मी इथंच ठेवून घेणारे. माझी रजा संपली की बाळाला कोण बघणार? तीपण हो म्हणालीय."

"हो म्हनली?"

"म्हणजे... नाही म्हणाली नाही."

फोन ठेवला तेव्हा बूथवाला अक्रम गालात हसत होता. "काय मामा, मामीबिगर करमंना दिसतंय!"

"गप रे," असं म्हणून म्हाळू रस्त्याला लागला. विचारायचं होतं ते राहूनच गेलं होतं. तिचं डोकं कोण विंचरतं, एवढंच त्याला विचारायचं होतं. पण मागं तीन माणसं नंबर लावून उभी, आणि हा बासष्ट वर्षांचा रिटायर गँगमन, उभा जन्म रूळ आणि स्लीपर उचलण्यात गेलेला! बायकोच्या वेणीफणीची चौकशी करताना कोणी ऐकलं असतं तर? खेड्यात निदान गावापुरतं हसू होतं. दौंड पडलं जंक्शन, तिथलं हसू सोलापूरपर्यंत गेलं असतं.

चांगुणाला शिरूरला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. लेकीचं, प्राचीचं बाळंतपण तिथल्याच दवाखान्यात करायचं ठरलं, म्हणून ती गेली. तेव्हापासून म्हाळूचं घरात मन लागत नव्हतं. सकाळी उठून तो सवयीनं वाटीत तेल कोमट करी, मग कुणाला लावायचं ते आठवे, आणि शेवटी ते स्वतःच्या टकलाला चोळून टाकी. टकलाला बिचाऱ्याला काय त्याचं!

दोन वर्षांपूर्वी चांगुणाचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं व्यायाम दाखवला, वेळ लागेल म्हणाला. तीन दिवस तिचे केस तसेच मोकळे राहिले. एके काळी ती वेणी मनगटाएवढी जाड होती. आता केस पांढरेफेक झालेले, शेवयांसारखे पातळ. भाच्याच्या लग्नात एकदा काळं करायला गेली तर डोक्यावर फोड आले, तेव्हापासून पांढरे ते पांढरे. चौथ्या सकाळी ती म्हाळूपुढं पाठमोरी येऊन बसली आणि डाव्या हातानं फणी खांद्यावरून मागं धरली. म्हाळूनं आधी उठून दाराला कडी लावली.

पहिले काही दिवस तो वरून खाली नुसती फणी ओढायचा. केसांचे पुंजके हातात यायचे. चांगुणा हूं की चूं करत नसे, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास व्हायचा. मग तो आपणहून शिकला. गुंता सोडवायचा तो टोकाकडून वर. गुंत्याच्या वरच्या बाजूला बट मुठीत घट्ट धरायची, म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही. ओल्या केसांना फणी लावायची नाही. पांढरा केस कोरडा, तेल पिऊन घेतो, म्हणून तेलात माका हवा. फार आवळून बांधलं तर कानशिलावरचे केस जातात. अंबाडा जमायला मात्र दोन महिने लागले. पहिला अंबाडा दुपारपर्यंत मानेवर आला होता, आणि शेजारणीनं कारण विचारल्यावर चांगुणानं वाऱ्यावर ढकललं होतं.

ती मूठ त्या केसांना नवी नव्हती, हे म्हाळूला रोज आठवायचं. पंचवीस वर्षांपूर्वी, पगाराच्या दिवशी, पिऊन तर्र होऊन त्यानं तिला त्याच केसांना धरून क्वार्टरच्या दारातून नळापर्यंत ओढत नेलं होतं. क्वार्टरांची सगळी लाईन बघत होती. सहा वर्षांची प्राची चौकट धरून उभी होती. त्यानंतर वर्षभरात दारू सुटली, पुन्हा कधी हात उठला नाही. पण त्या दिवसाबद्दल ना तो कधी बोलला, ना ती. रोज सकाळी बट मुठीत धरली की त्याच्या तोंडापर्यंत काहीतरी यायचं, आणि तो म्हणायचा, "दुखतंय का?"

"न्हाई," ती म्हणायची. झालं, सकाळ संपली.

आता ती शिरूरलाच राहणार म्हणे! का राहू नये? सुटली असंल माझ्या हातातनं, म्हाळूच्या मनात आलं, आणि रात्रभर तो कूस बदलत राहिला.

सकाळी त्यानं बाळंतिणीसाठी डिंक आणि अळीव बांधून घेतले. रिकाम्या हातानं गेलो तर कशाला आलो म्हणून विचारतील. चौफुल्याला गाडी बदलली. न्हावऱ्याच्या बाजूला एस.टी. धक्के खात निघाली आणि म्हाळूचं लक्ष पुढच्या बाकावरच्या बायकांच्या डोक्यांवरून हटेना. एकीचा भांग वाकडा. दुसरीनं रबर असं आवळलेलं की दोन वर्षांत कपाळ मागं सरकणार. "तेल न्हाई, काय न्हाई," तो पुटपुटला. शेजारच्या माणसानं चमकून बघितलं तसा तो खिडकीबाहेर बघू लागला.

प्राची विंचरत असंल का तिला? डोकं विंचरताना बायका बोलतात. प्राचीला तो नळ आठवत असणारच. मग मायलेकींचं कशावरून काय बोलणं झालं असेल? अशा विचारांत शिरूरचा स्टँड कधी आला ते त्याला कळलं नाही.

जावयाचं घर बाजाराच्या मागं होतं. सतीश रांजणगावच्या कंपनीत, तो ड्यूटीवर गेलेला. दार उघडंच होतं. म्हाळूनं चपला काढल्या, मान वर केली आणि तिथंच थांबला.

चांगुणा स्टुलावर चढली होती. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन ती छताच्या कडीला बाळाच्या झोळीची गाठ मारत होती. उजवा हात डाव्यापेक्षा वीतभर वरच होता. गाठ मारून तिनं दोन्ही हातांनी झोळीला हिसका देऊन बघितला. आणि डोक्यावर अंबाडा होता, घट्ट, गोल, म्हाळूला दोन वर्षांत एकदाही जमला नव्हता असा.

"अगं बया, आबा!" प्राची बाळाला घेऊन आतून आली. "असे उन्हाचे?"

"तिचा खांदा..." म्हाळू बोट दाखवत म्हणाला.

"खांद्याचं काय? तो कधीच बरा झालाय की! गेल्या वर्षीच्या जयंतीला इथं आली तेव्हा दारावरचं तोरण तिनंच नव्हतं का बांधलं? तुम्हाला माहीत नाही?"

म्हाळूनं हिशेब केला. गेल्या वर्षीची जयंती म्हणजे सव्वा वर्ष. सव्वा वर्ष हा गडी रोज सकाळी कडी लावून बसत होता! राग आला की लाज वाटली, ते त्याचं त्यालाच समजेना. चांगुणा स्टुलावरून उतरली, त्याच्याकडं न बघता पाणी घेऊन आली. बाळ रडायला लागलं तशी प्राची त्याला पाजायला आत गेली आणि दार लोटून घेतलं.

"बरा झालता, मग बोलली का न्हाईस?"

"तुमी कुठं इचारलं?"

"रोज इचारत व्हतो की, दुखतंय का म्हनून!"

"मीबी रोज न्हाईच म्हनत व्हते."

म्हाळूनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. परत उचलला. "मग मला कशाला बसवायचीस?"

चांगुणानं अंबाड्याचे आकडे एकेक करून काढले आणि ओळीनं फरशीवर मांडले. केस पाठीवर सुटले. खिडकीतली फणी तिनं उजव्याच हातानं घेतली.

"बघत व्हते."

"काय?"

"किती दिस बसताय ते." फणी हातात फिरवत ती म्हणाली, "नळावर नेलं व्हतं ना, तवापासनं बघतीय मी तुमच्या हाताकडं."

पंचवीस वर्षांत नळाचा शब्द पहिल्यांदा निघाला होता. आतल्या खोलीत लेक होती, दार नुसतं लोटलेलं होतं, समोरचं दार तर सताड उघडं. त्याला वाटलं, उठावं आणि कडी लावावी. पण तो उठला नाही.

"चुकलं माझं, चांगुणा," तो म्हणाला. मोठ्यांदा म्हणाला. "लई चुकलं. जनावर झालतो मी."

आतून प्राचीचं बाळाशी चाललेलं गुणगुणणं थांबलं होतं. चांगुणा त्याच्यापुढं पाठमोरी बसली आणि तिनं फणी मागं केली.

म्हाळूनं ती घेतली, दातांवरून अंगठा फिरवला. "लई बारीक दात हायेत हिचे. तुटत्याल केस."

"मग बेतानं करा."

त्यानं एक बट धरली आणि टोकाशी फणी लावली. रस्त्यावरून जाणारा एक भाजीवाला दारातून आत डोकावला, क्षणभर थांबला आणि पुढं गेला.

"पोरीचा सव्वा महिना होऊ द्या," चांगुणा म्हणाली. "मग येते घरी."

म्हाळूची फणी थांबली. "म्हंजी... किती दिस बसनार ते कळलं तुला?"

"न्हाई अजून," ती म्हणाली.