माझी तीन मिनिटं

उत्क्रांतीचा धडा शिकवण्याआधी वर्गात एक निवेदन वाचायचं, की हा नुसता तर्क आहे, सृष्टीमागे बुद्धिमान कर्ताही असू शकतो. कॅन्ससमधल्या आमच्या गावच्या शाळा मंडळात त्यावर मतदान होतं. 'वाचायला लावलंत तर नोकरी सोडेन,' असं जीवशास्त्राची शिक्षिका लोर्ना हिने सांगून टाकलं होतं.

मी निवृत्त ग्रंथपाल. लोर्नाच्या बाजूने बोलायला नाव दिलं खरं, पण चारचौघांत बोलायचा धीर होईना. प्रत्येकाला तीन मिनिटं. माझ्याआधी सोयाबीन पिकवणारा ऑर्विल निवेदनाच्या बाजूने तावातावाने बोलत होता, तेवढ्यात त्याची वेळ संपल्याची घंटा झाली.

"माझी मिनिटं त्याला द्या," मी म्हणालो. आमच्याकडे ते चालतं. लोर्नाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली.

पण ऑर्विलजवळचे मुद्दे संपले होते. तो नेहमीप्रमाणे शेतातल्या तणावर घसरला. "तेच औषध मारतोय बारा वर्षं! दरवर्षी चार रोपं तगतात, त्यांचंच बी पडतं. आता अख्खं रान औषधाला भीक घालत नाही!"

"अरे ऑर्विल, हाच तर तो धडा!" लोर्ना म्हणाली.

सभागृह हसलं. ऑर्विल लाल झाला. "मग तणाचं शिकव की. माकडाचं कशाला?"

"आधी तणच शिकवते. सोमवारी दोन रोपं घेऊन ये वर्गात."

"आणीन. पण तुझं पटलंय असं समजू नकोस हं."

निवेदन तीन विरुद्ध चार मतांनी पडलं. ऑर्विल सोमवारी रोपं घेऊन आला आणि तासभर बोलला.