तेलकट पटाशी

सुतारकामाचा कारखाना ताईचा, पण ऑनलाइन खरेदी धाकट्या भावाकडे. त्याने पाच तारे बघून मागवलेली पटाशी आरशासारखी चकचकीत होती, आणि लाकडातल्या पहिल्याच गाठीवर तिची धार दुमडली. त्याआधीच्या दोन पटाश्यांची गतही तीच झाली होती.

"आण इकडे तो फोन," ताई कडाडली. "हे तारे वाटणारे खोका उघडून नुसते फोटो काढतात. लाकडावर चालवून कुणी बघितलीय?"

तिने कौतुकं बाजूला सारली आणि फक्त तक्रारी वाचायला घेतल्या. एका साध्याशा दुकानापाशी तिचं बोट थांबलं. कुणीतरी रडत होतं, की पटाशी तेलाने माखलेली आली, कपडे खराब झाले. दुसऱ्याचं गाऱ्हाणं होतं, की धार आपली आपणच लावावी लागते आणि लावताना घाम निघतो.

"घाम निघतो म्हणजे पोलाद कडक आहे. तेल आहे म्हणजे गंज चढू नये याची कुणाला तरी काळजी आहे. हीच मागव."

"ताई, अडीचच तारे आहेत हिला."

"मागव म्हणते ना."

पटाशी आली ती खरंच तेलकट. ताईने दगडावर घासून घासून धार काढली आणि त्याच गाठीवर ठोका घातला. गाठीचा तुकडा उडाला तो थेट भावाच्या चहात. धार जशीच्या तशी.

भावाने कान पकडले आणि कौतुक लिहायला फोन काढला.

"तारे दे हवे तेवढे," ताई म्हणाली, "पण खाली लिही, तेलाने माखलेली येते आणि धार लावताना घाम निघतो. कामाचा माणूस बरोबर येईल."