काळ्या मातीचं तीर्थ

बोरगावजवळच्या आमच्या वाडीत शाळेच्या मैदानावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. सुवर्णानंद बाबानं घमेल्यातल्या काळ्या मातीवर बाटलीतलं तीर्थ ओतलं. तांब्याचं खनिज धुऊन कारखाने टाकून देतात ती माती. बाबानं ट्रक भरून आणली होती. मग ते गाळून घेतलं आणि त्यात हिरवट पाणी सोडलं. "बैस गं लक्ष्मी, खाली बैस!" तळाशी तपकिरी भुकटी बसली. मी गावचा सोनार. ती मुशीत वितळवली, तर पिवळाधमक मणी.

"चिंतामणी अण्णा, खरं हाय?" लोकांनी मला विचारलं.

"सोनं खरं आहे," मी सांगितलं. तेवढ्यावर बाबाची मातीची पोती आणि तीर्थाच्या बाटल्या हातोहात खपल्या.

घरोघरी तीर्थ ओतलं गेलं. सोनं आलं नाही. वाडीतल्या भावकूच्या पोरीचा हात मात्र तीर्थानं मनगटापर्यंत भाजला.

आठव्या दिवशी बाबा आपली बाटली आणि हिरवं पाणी मांडून पुन्हा मैदानात बसला, तेव्हा भावकूनं जाब विचारला. बाबानं विधवा मालुबाईकडं बोट केलं. "हिची नजर! हिचं रक्त सांडल्याबिगर लक्ष्मी उठायची न्हाय!"

पहिला दगड भावकूनं मारला. मग काठ्या पडल्या. मालुबाईचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. "मी काय केलंय रं?" ती विचारत होती.

शाळेतल्या विज्ञानाच्या विद्युल्लताबाई धावत आल्या आणि तिच्यावर आडव्या पडल्या. एक काठी त्यांच्या कपाळावर बसली. रक्त पुसत त्या उठल्या. "सोनं हवंय ना? मी काढते."

त्यांनी हात पुढं करताच बाबा आपल्या बाटलीवर झेपावला. मी त्याचं मनगट धरलं.

बाईंनी पायाखालची साधी माती घेतली, तीर्थ ओतलं, गाळलं, हिरवं पाणी टाकलं. भुकटी बसली.

"बाईंच्या हाताला बी गुण हाय!" लोक ओरडले.

"आता मातीच नको." त्यांनी रिकाम्या पेल्यात तीर्थ ओतलं, वर हिरवं पाणी. पुन्हा भुकटी.

त्यांनी पेला लोकांसमोर धरला.

"सोनं बाटलीत आहे. तेजाबात, म्हणजे जहाल आम्लात, आधीच विरघळवलेलं. हिरवं पाणी म्हणजे हिराकस, लोखंडाचा क्षार. त्यानं ते खाली बसतं. तुम्हाला विकलं ते नुसतं तेजाब. या मातीत सोनं असलं तरी टनामागं चिमूटभर. ते काढायला कारखाना लागतो, विषारी रसायनं लागतात. कुणाचं रक्त लागत नाही."

भावकूनं बाबाचं डोकं फोडलं. गर्दी त्याच्यावर तुटून पडली. बाई पुन्हा मध्ये उभ्या राहिल्या. "बास! त्याला पोलीस नेतील."

मालुबाईला दवाखान्यात न्यायला टेम्पो आला, तिला चढवायला भावकू वाकला.

"तू न्हाय," ती म्हणाली.

मी तिला उचललं. सोनं खरं म्हणालो. ते आलं कुठून, हे मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा. चमत्कार दिसला की रिकाम्या पेल्यात करून दाखवायला सांगा, आणि कुणावर हात उचलायच्या आधी सांगा.