दोन तिरप्या रेघा

वडशाच्या नाटक कंपनीची सगळी माहिती मिथुननं कॉम्प्युटरात डब्यात डबा ठेवावा तशी रचली होती. कंपनीत नाटक, नाटकात प्रयोग, प्रयोगात गाव. हवं ते काढायचं तर तिथवरची वाट लिहायची: नाटक, तिरपी रेघ, प्रयोग, तिरपी रेघ, गाव. दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगांच्या गावांची यादी काढायला एवढं कोण लिहीत बसेल? त्यानं दोन तिरप्या रेघा ओढून पुढं नुसतं ‘गाव’ लिहिलं. म्हणजे कुठल्याही डब्यात, कितीही तळाशी गाव दिसलं की उचल.

कॉम्प्युटरनं इमानदारीनं उचललं. तळाशी ‘प्रोग्राम बनवणारा’ असा एक डबा होता. मिथुननंच हौसेनं घातलेला. त्यात त्याचं नाव आणि त्याचं गाव. तेही यादीत गेलं.

सकाळी ती यादी आणि कंपनीची भोंग्याची जीप घेऊन ड्रायव्हर नथ्थू मिथुनच्या गावात ओरडून आला, आज रात्री नाटक. झाडीपट्टीत गावाला नाटक म्हणजे घरोघर पाहुणे, मटण आणि सोयरिकीची बोलणी. मिथुनच्या बापानं, मुखरूनं, सोयरिकीचं कधीपासून टाळत असलेल्या उमाजीला निरोप धाडला. उमाजी लग्नाच्या पोरीला, पायलला, घेऊन आलाही.

मिथुन संध्याकाळी घरी आला तेव्हा शाळेच्या मैदानात अख्खं गाव पोती अंथरून बसलं होतं. समोर स्टेज नव्हतं. काय झालं ते त्याच्या एका क्षणात लक्षात आलं.

“कंपनीचा ट्रक कुठी राह्यला बे?” मुखरूनं विचारलं.

“नथ्थूभाऊ चुकीच्या गावात आला,” मिथुन बोलून गेला.

नथ्थू तिथंच होता, मुखरूकडचं मटण जेवून नाटकासाठी थांबलेला. “असंन बा,” तो म्हणाला. “मले वाचाले कमीच येते.”

मिथुनचे कान तापले. तो लोकांसमोर उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. डबे, रेघा, हौस, नथ्थूवर ढकललेलं खोटं. सांगता सांगता आवाज फाटला. मागून शिटी आली.

“पार्ट पाठ आहे गड्याचा,” कोणीतरी म्हणालं.

उमाजी मुखरूकडे वाकला. “कॉम्प्युटरवर आहे मनले होते ना जी? हा त नट आहे. नटाले पोरगी नाई देत आमी.”

मुखरूनं मान खाली घातली. “नट नाई जी तो. खरंच चुकला.”

“मंग त अजूनच नाई,” उमाजी म्हणाला आणि चपला शोधू लागला.

गाव दुसऱ्या अंकाची वाट पाहत बसून होतं. मिथुन तसाच उभा. उतरून जायला स्टेजसुद्धा नव्हतं.